मिनोटॉरचा पोळा

१२ जुलै १९८६, औरंगाबाद

मोठ्या बाईंना आज एकदाचं विचारून टाकलं. आठवडाभर त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होते.

सहावीच्या इतिहासात ग्रीकांवर दीड पान आहे. त्यात नगरराज्यं, ऑलिंपिकचे खेळ, तत्त्वज्ञ, सिकंदर, सगळे एका डब्यात कोंबल्यासारखे. मुलं पाठ करतात, परीक्षेत ओततात आणि रिकामी होतात. मी म्हटलं, शनिवारचे कार्यानुभवाचे दोन तास माझ्याकडेच आहेत. त्यात मेणबत्त्या करण्याऐवजी मी ग्रीकांच्या जुन्या कथा सांगते आणि मुलांकडून त्या मातीत, कागदात करून घेते. हातांनी केलेलं डोक्यातून जात नाही.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपले देव संपले का हो, द्वारकाबाई?"

"नाही बाई. पण आपल्या देवांच्या गोष्टी मुलांना घरी कुणी ना कुणी सांगतं. या कोण सांगणार?"

"तुम्हाला कुणी सांगितल्या?"

खरं तेच सांगितलं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला करमाडची बस चुकली की मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची. तिथे हाताला लागल्या. बाई हसल्या, हे बरं झालं, कारण पुढचं बोलणं कडू होतं. मी रजेच्या जागेवर आहे. बाळंतपणाला गेलेल्या बाई सप्टेंबरच्या मध्यावर परत येतील. संस्थेत कार्यानुभवासाठी एक जागा निघायची आहे, पण ती कुणाला द्यायची ते चिटणीस तात्यासाहेब ठरवणार. "त्यांना एकदा करून दाखवा. गणपतीच्या आधी बोलावते. आवडलं तर ठीक."

नाही आवडलं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. मला माहीत आहे. ट्रंक उचलायची आणि करमाडची बस धरायची. नानाकाकांनी लासूर स्टेशनचं एक स्थळ धरून ठेवलंय. आडतीचं दुकान आहे. मुलगी शिकलेली चालेल, नोकरी करणारी नको. मी पोळ्यापर्यंत थांबा म्हटलंय. वडील म्हणून दादांनी काहीतरी बोलायला हवं, पण ते या विषयावर तोंडच उघडत नाहीत. म्हणजे त्यांचंही काकांसारखंच असणार.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीसुद्धा झालेलं नाही. मला परत जायचं नाही. हे इथे लिहायला हरकत नाही.

१९ जुलै

पहिली गोष्ट अराक्नीची. ती विणकर होती. अथीना देवीशी तिने पैज लावली, देवीपेक्षा सुंदर विणलं, आणि चिडलेल्या देवीने तिचा कोळी केला. मुलांनी रंगीत कागदाच्या पट्ट्यांचं विणकाम करायचं होतं. डिंक कमी, धिंगाणा जास्त. पण शेवटी प्रत्येकाच्या हातात काहीतरी विणलेलं होतं.

सगीराचं सगळ्यात नीटस. तिचे वडील हिमरू कापडाच्या मागावर बसतात. ती उभी राहिली. "बाई, ती जिंकली ना?"

"हो. तिचंच काम सरस होतं."

"मग कोळी कशाला केलं? बक्षीस द्यायचं सोडून?"

"देवीला राग आला."

"देवीला काम नीट येत नव्हतं, असं बोला ना!"

वर्ग खदखदून हसला. मी त्यांना समजावलं की ग्रीकांची गोष्ट ग्रीकांनी सांगितली तशीच घ्यायची असते, तिच्यात दुरुस्त्या करणारे आपण कोण? हे वाक्य मला स्वतःलाच आवडलं, म्हणून लिहून ठेवते.

५ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत दादा शाळेच्या फाटकाशी. खांद्यावर पोतं. मागे मी घरी गेले तेव्हा सहज बोलले होते की शाळेच्या मैदानातली माती भुसभुशीत आहे, आकार धरत नाही.

"विहिरीजवळची काळी हाय," म्हणाले.

"एवढ्यासाठी आलात?"

"नाय. मोंढ्यात काम व्हतं."

पोतं ठेवून निघालेसुद्धा. चहाला थांबले नाहीत. मुलं बघत होती, मातीने माखलेल्या धोतराचा दादांना संकोच वाटला असेल. माती चांगली मळलेली आहे, कापूस घालून कुटलेली, हाताला एक खडा लागत नाही. घरी सध्या एवढी सवड कुणाला मिळाली कोण जाणे.

खोलीवर आल्यावर लक्षात आलं, आज दिव्याची अमावास्या. अमावास्येला मोंढ्यातला धान्यबाजार बंद असतो. म्हणजे दादांचा हेलपाटा फुकटच गेला. शेतात राबणाऱ्या माणसाला तिथीचं भान कुठून राहणार!

९ ऑगस्ट

आज मिनोटॉर. तात्यासाहेबांना हीच गोष्ट करून दाखवायची असं ठरवलंय, म्हणून जीव ओतून सांगितली. क्रीट बेटावरचा राजा. त्याच्या महालाखाली असा भुलभुलैया की आत गेलेला बाहेर येत नाही. आत कोंडलेला मिनोटॉर, धड माणसाचं आणि डोकं बैलाचं. त्याला खायला अथेन्सहून सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या. मग थिसियस नावाचा तरुण स्वतःहून जातो. राजकन्या अरियाद्नी त्याला धाग्याचा गुंडा देते. तो मिनोटॉरला मारतो आणि धागा धरून बाहेर येतो.

वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं.

मग कडूबाचा हात वर. हा चिकलठाण्याच्या पलीकडून सायकलवर येतो, घरची शेती आहे. "बाई, त्याला कडबा कोन टाकत व्हतं?"

"अरे, तो माणसं खायचा."

"बैल मानूस खात नसतो बाई. उपाशी ठिवला आसंल लई दिवस."

"अन् अंधारात," मागून कुणीतरी.

"दौलताबादच्या अंधारीत!" सगीरा ओरडली. किल्ल्यातली ती काळोखी वळणांची वाट सगळ्यांना ऐकून माहीत आहे, शत्रू तिच्यात चुकून मरायचे म्हणतात. भुलभुलैया समजावायला मी फळ्यावर आकृती काढत बसले होते, आणि खरा भुलभुलैया इथून एसटीच्या अंतरावर! सहल काढायचीच.

एकच पंचाईत. मुलांनी त्याचं नाव बैलोबा ठेवलंय. मी दोन वेळा सगळ्यांकडून मिनोटॉर म्हणवून घेतलं. सुट्टी झाल्यावर व्हरांड्यातून पुन्हा तेच, बैलोबा, बैलोबा.

२४ ऑगस्ट

दौलताबाद चढून पाय दुखताहेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

सगीराने मागावरच्या उरलेल्या लाल धाग्याची रिळं आणली होती. ती अरियाद्नी. अंधारीच्या तोंडाशी धाग्याचं टोक धरून उभी. कडूबा थिसियस, रीळ घेऊन पुढे, मागे बाकीचे शर्ट धरून, सगळ्यात शेवटी मी. वाटाड्याला मी विनंती केली की जरा वेळ मशाल विझवा, मुलांना कळू दे. हा शहाणपणा माझाच.

असा अंधार मी गावातही पाहिलेला नाही. पायऱ्या एकसारख्या नाहीत, वर वटवाघळांचा वास. एका वळणावर धागा दगडाला अडकला आणि तुटला. एक मुलगी रडायला लागली, मग दुसरी, मग मुलगेही. मशालीला काडी लागेना. आपण आलो कुठल्या बाजूने तेच मला कळेना, आणि मी त्यांची बाई.

तेवढ्यात कडूबाने हाक घातली. संध्याकाळी रानातून गुरं बोलावतात तशी. "हौऽऽ! हौ राजा, हौऽऽ!" रडणं थांबलं. आणि लांबून कुठून तरी सगीराचा आवाज, "इधर! इकडे या! मी इथंच आहे!" तो आवाज धरत धरत आम्ही बाहेर आलो. उन्हात सगळ्यांना हसू फुटलं.

कडूबा तेवढा हसला नाही. डबा न उघडता बसला होता. म्हणाला, "बाई, आपल्याला हाक द्यायला बाहीर सगीरा व्हती. बैलोबाला कुनीच नव्हतं."

मी म्हटलं, जेवून घे आधी, बस निघेल.

३० ऑगस्ट

डोकं तयार! आत एक जुना माठ आहे, त्यावर दादांची माती. डोळे सगीराने केले, पापण्यांसकट. शिंगं कडूबाची. एक शिंग किंचित खाली झुकलंय. सरळ कर म्हटलं तर म्हणाला, "आमच्या सर्ज्याचं आसंच हाय." राहू दिलं. धड गोणपाटाचं, आत पेंढा. डोकं जड झालं म्हणून मुलांनी खेळायची बेअरिंगची गाडी आणली, तिच्यावर सगळा मिनोटॉर उभा आहे. ढकलला की घरंगळत चालतो. अंगणातला भुलभुलैया गुलमंडीच्या दुकानांतून आणलेल्या खोक्यांचा.

शेवटाची कल्पना मात्र माझी, आणि मला तिचा अभिमान आहे. माठात मी गुलाल भरलाय. मानेखालच्या भोकाला चिंधीचा बोळा. थिसियसची लाकडी तलवार बसली की माठ फुटेल आणि गुलाल पहिल्या रांगेपर्यंत उडेल. तात्यासाहेब विसरणार नाहीत. कार्यक्रमाच्या कागदावर शेवटची ओळ लिहिली, 'मिनोटॉरचा वध', आणि मोठ्या बाईंकडे दिला. येत्या शनिवारी, सहा तारखेला.

मिनोटॉर एकच, तो एकदाच फुटणार. म्हणून आजचा सराव तलवार न मारता केला.

४ सप्टेंबर, करमाड

पोळा. पण या वर्षी गोठ्यात एकटा पाखऱ्या. ढवळ्या उन्हाळ्यात गेला, त्याची गव्हाण रिकामी. दादांनी दुसरा बैल बघितलाच नाही अजून.

दादा पाखऱ्याची शिंगं रंगवत होते. मी जवळ उभी. मान वर न करता म्हणाले, "तुझा बैल झाला का?"

त्यांनी लक्षात ठेवलं याचं मला आश्चर्य वाटलं. मग मी सगळं सांगितलं. डोकं, गाडी, खोकी, माठ, गुलाल.

"म्हंजी फोडायचा?"

"हो, तलवारीनं. गोष्टच तशी आहे."

दादांचा हात शिंगावरच राहिला. रंग त्यांच्या पायावर गळत होता. मग ब्रश धुतला आणि आत गेले. दुसरं शिंग अर्धंच राहिलं होतं, ते आईने पुरं केलं. दादा हल्ली फार लवकर दमतात.

दुपारी वेशीतल्या तोरणाखालून बैल न्यायचे. सगळ्यांच्या जोड्या. पाखऱ्याच्या शेजारी ढवळ्याच्या जागी दादा स्वतः चालले, खांद्याला खांदा लावून. नानाकाका माझ्या कानात म्हणाले, "तुझं ते शनिवारचं उरकलं, की लासूरला जाऊन येऊ आपुन."

५ सप्टेंबर

सगळं बिघडलं.

सकाळी कार्यानुभवाची खोली उघडली. मिनोटॉरच्या कपाळाला हळदकुंकू. गळ्यात झेंडूची माळ. शिंगांना बेगड. पाठीवर झूल, तीही हिमरूच्या तुकड्याची. पुढ्यात ताटलीत पुरणपोळी.

शाळेच्या शिपाई भागूबाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या, अगदी खुशीत.

"तुम्ही केलंत हे?"

"मी अन् पोरान्नी. पूजा माझी, बेगड त्यांचं. बाई, माझ्या घरी बैल न्हाई आता. गाव सुटलं. दरसाली बाजारातला मातीचा आनते. हितं येवढा थोरला उभा, अन् सणाच्या दिवशी उपाशी ठिवायचा व्हय?"

"भागूबाई, हा उद्या फोडायचाय!"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. "पुजलेला? कुनाचा हात उठंल बाई?"

कुणाचाच नाही. वर्गात गेले तर कडूबाने तलवार माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मी न्हाई मारनार." दुसरा थिसियस कोण होणार, विचारलं. एक हात वर नाही. सगीराला म्हटलं, तू तरी यांना सांग. ती खाली बघत म्हणाली, "झूल अम्मीने शिवली बाई. कसं सांगू?"

मी त्यांना अडाणी म्हटलं. मोठ्याने. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मागच्या बाकावरून माझ्यासाठी हाच शब्द यायचा.

शाळा सुटल्यावर ठरवलं, मीच फोडून दाखवायचा. मी शिकलेली आहे. हळदकुंकू लावलं म्हणून माठाचं काही होत नाही. तलवार घेऊन खोलीत गेले, नेम कुठे धरायचा ते बघायला. हात उचलला. उचलला नाही असं नाही. पण पुरणपोळीला मुंग्या लागलेल्या दिसल्या, म्हणून ती आधी काढली. मग फरशी पुसली. मग उशीर झाला.

मोठ्या बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

६ सप्टेंबर

आज हरतालिकेचा उपास. कार्यक्रमाआधी कडूबाला बाजूला घेतलं. मला माहीत होतं की मी काय गमावू शकते. तरी त्याच्याकडे बघून दुसरं काही बोलता आलं नाही.

"तलवार कमरेला राहू दे," म्हटलं. "आत गेल्यावर तुझं तू ठरव."

"तुमाला रागावतील बाई."

"ते मी बघते. आणि काल तुम्हाला बोलले ते चुकलं माझं."

तो पळालाच. खोक्यांच्या मागे डोक्याला डोकी लागलेली दिसली, कुजबूज, सगीराचा आवाज सगळ्यात वर.

तात्यासाहेब पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, मांडीवर कार्यक्रमाचा कागद. शेजारी मोठ्या बाई. मागे पालक. लिंबाच्या झाडाला टेकून दादाही उभे! म्हणे मोंढ्यात काम होतं.

सुरुवात छान झाली. राजा, जहाज, सात आणि सात मुलं. सगीराने धागा दिला. कडूबा खोक्यांमध्ये शिरला, एकदा चुकला, परत आला, लोक हसले. मग तो मिनोटॉरसमोर उभा राहिला. मी डोळे मिटले.

सगीराचा आवाज आला, खणखणीत. "ग्रीक लोकांच्या गोष्टीत इथं थिसियसनं मिनोटॉरला मारलं."

डोळे उघडले. कडूबाने तलवार काढून जमिनीवर ठेवली होती. लाल धागा चारपदरी करून तो मिनोटॉरच्या शिंगांना बांधत होता, घाई न करता, रोज करतो तसं. मग त्याने कासरा धरतात तसा धागा धरला. "हौ राजा, हौ." बेअरिंगची गाडी घरंगळली. एकेका वळणावर तो थांबायचा, मागे बघायचा, पुन्हा हौ म्हणायचा. धागा ताणला गेला की पाऊल मागे घ्यायचा, तुटू नये म्हणून. भुलभुलैयाच्या दाराशी दोन मुलांनी लिंबाच्या डहाळ्यांचं तोरण धरलं होतं, ते कधी केलं देव जाणे. त्याच्याखालून मिनोटॉर उन्हात आला, झुकलेल्या शिंगासकट.

पालकांनी टाळ्या वाजवल्या, पण तात्यासाहेबांनी हात वर करताच थांबल्या.

"कागदावर वध लिहिलाय. वध कुठं गेला?"

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे झाले. "ग्रीकांच्या गोष्टीत वध आहे. तो मी यांना शिकवलाय. पण बैलाची पोळ्याला पूजा झाली, आणि वर्गाला त्याला मारायचं नव्हतं. मी त्यांना मारायला लावलं नाही. जबाबदारी माझी."

"म्हणजे मुलांना इतिहास चुकीचा शिकवायचा? परीक्षेत काय लिहितील ही?"

उत्तर कडूबाने दिलं. धागा हातात तसाच. "पेपरात मारू की सर. हितं कशाला?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. तात्यासाहेब हसले नाहीत. ते उठून मुलांच्या जवळ गेले आणि प्रश्नांची सरबत्ती लावली. भुलभुलैया बांधला कुणी? क्रीट कुठल्या समुद्रात? धागा कुणी दिला? मुलं कुठल्या नगराची? प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांचे हात वर. भुलभुलैया बांधणाऱ्या डेडॅलसचं नाव तर मागच्या बाकावरच्या पोरानेही सांगितलं. मग तात्यासाहेबांनी वाकून ते झुकलेलं शिंग न्याहाळलं. "हे असं का?"

"आमच्या सर्ज्याचं हाय सर."

"हं." काठी उचलली. "आता याचं काय करणार?"

"पाण्यात सोडायचा," भागूबाई म्हणाल्या. "मातीचा हाय न्हव."

"मी नेतो," झाडाखालून दादांचा आवाज. "माझ्या विहिरीचीच माती हाय."

तात्यासाहेब मला एवढंच म्हणाले, "बघू." त्याचा अर्थ काय घ्यायचा?

दादांना सोडायला स्टँडवर गेले. डोकं त्यांच्या खांद्यावर, बेगड चमकतंय, अख्खा स्टँड बघतोय. जालन्याच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "बाबा, ह्याचं तिकीट?"

"लेकराला कुठं तिकीट असतंय?" दादा म्हणाले. "मांडीवर घेतो."

१६ सप्टेंबर

रजेवरच्या बाई रुजू झाल्या. बाळ गोड आहे म्हणे. मी कपाटाच्या किल्ल्या दिल्या. गणपतीच्या सगळ्या सुट्टीत तात्यासाहेबांकडून निरोप नाही. ट्रंक भरली. कागदाचं विणकाम वर ठेवलं, दबू नये म्हणून.

चूक केली का? पुन्हा तसंच करेन का? दोन्हीचं उत्तर बहुतेक हो असंच आहे.

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला गेले, निरोप घ्यायचा म्हणून. झेंडा झाल्यावर मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. चष्मा टेबलावर.

"एप्रिलअखेरपर्यंत कार्यानुभवाची जागा तुम्हाला. ऑर्डर महिनाअखेर निघेल. पुढचं पुढे. अट एक आहे. चाचणीत ग्रीकांवर प्रश्न घालायचा. तात्यासाहेबांचे शब्द सांगते तुम्हाला, पेपरात एकही बैल जिवंत राहता कामा नये."

आम्ही दोघी इतक्या हसलो की भागूबाई दारात येऊन बघून गेल्या. मला रडूही आलं. ट्रंक पुन्हा उघडली.

२ ऑक्टोबर, करमाड

सुट्टी. पिशवीत ऑर्डर आणि चाचणीचे पेपर. सगळ्यांनी मारला. कडूबाने लिहिलंय, 'थिसियसने मिनोटॉरला ठार मारले. हे ग्रीकांचे आहे.' पूर्ण गुण दिले.

गोठ्यात गेले तर ढवळ्याच्या रिकाम्या गव्हाणीवर मिनोटॉर! कुंकू तसंच, शिंगाचं बेगडही.

"विहिरीत सोडणार होतात ना?"

"सवड झाली नाय," दादा म्हणाले. त्याच्या पुढ्यात कडब्याची मूठभर पानं होती. पाखऱ्याचीच उडून आली असतील.

दुपारी नानाकाका आले, लासूरचं घेऊनच. "आता तरी बोल पुंजाराम. लोक किती दिस थांबतील?"

दादा सुतळी वळत होते. "तिला नोकरी हाय," म्हणाले.

"आन् एप्रिलनंतर?"

"एप्रिल आला की बघू. पोरीला इचारून."

काका माझ्याकडे बघायला लागले, मी दादांकडे. त्यांचं मत कधी बदललं मला कळलंच नाही. मी ऑर्डर काढून त्यांच्या हातात दिली. ते वाचू शकत नाहीत, तरी बराच वेळ धरून होते. मग गोठ्यात जाऊन त्यांनी मिनोटॉरला आडवं केलं, मांडीवर घेतलं आणि मानेखालचा बोळा अलगद ओढला.

"आतला गुलाल हाय ना अजून?"

रक्त म्हणून मी भरलेला गुलाल त्यांच्या ओंजळीत आला. पहिलं बोट पाखऱ्याच्या कपाळाला. मग माझ्या. मग आईच्या, नको नको म्हणत असताना. नानाकाका टोपी सावरत पळायला लागले, तर त्यांना अंगणात गाठून दोन्ही गालांना. काका आधी चिडले, मग स्वतःच मूठ भरून दादांच्या मागे लागले. दादांना असं धावताना मी लहानपणीही पाहिलेलं नव्हतं.

बोळा पुन्हा घट्ट बसवून त्यांनी मिनोटॉरला गव्हाणीवर ठेवलं. "ऱ्हाऊ दे थोडा. पुढच्या टायमाला लागंल."

सकाळच्या गाडीने परत जायचंय. दादा म्हणाले, मीही येतो तुझ्यासंगं, शाळेपर्यंत. दुपारी पितरांच्या पानाला परत येईन. मोंढ्यात काम आहे.

उद्या सर्वपित्री अमावास्या. मोंढा बंद.

मी त्यांना 'चला' म्हटलं. खिडकीजवळची जागा त्यांना देईन.